दोरी ढिली म्हणजे किती

मंगळवार, ३ नोव्हेंबर

आज पुन्हा मध्ये बसला.

सोफा तिघांचा. डाव्या टोकाला मी, उजव्या टोकाला चष्मेवाला, मध्ये सत्तावीस किलो चारशे ग्रॅम कुत्रा. तोंड माझ्याकडे, बूड नवऱ्याकडे. चष्मेवाल्याने चहाचा कप माझ्या हातात द्यायला हात पुढे केला आणि छटाक गुरगुरला. मोठ्याने नाही — लांबून ट्रक येतोय असा पोटातून आवाज. चष्मेवाल्याने कप टेबलावर ठेवला. टेबलावरून मी उचलला.

"सीमेवर मालाची देवघेव अशीच करतात," तो म्हणाला.

चष्मेवाला म्हणजे नवरा. शब्द लिहिताना अजून पेन अडखळतं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. हे नाव आईने ठेवलं, लग्नाआधी, नाक मुरडून. आता तीच लाडाने घेते. नोंदणी होऊन तीन आठवडे झाले. तो पहिल्याच दिवशी बॅग घेऊन आला होता. दोन रात्री राहिला. दोन्ही रात्री छटाक झोपायच्या खोलीच्या दारात आडवा, आणि चष्मेवाला पाणी प्यायला उठला की ट्रक सुरू. तिसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन आपल्या भाड्याच्या खोलीवर परत गेला. रागावून नव्हे. तो रागावत नाही, हीच अडचण आहे.

आता रोज सातला येतो, नऊला जातो. लग्न झालेली बाई नवऱ्याला रोज दारापर्यंत पोचवायला जाते!

खोली त्याला तीस तारखेला सोडायची आहे. घरमालकाचा पुतण्या येतोय. म्हणजे तीसपर्यंत छटाक सुधारला पाहिजे, नाहीतर दादा येऊन त्याला आपल्या कारखान्यावर घेऊन जाणार. असं ठरलंय. मीच हो म्हटलंय.

बुधवार, ४ नोव्हेंबर

मोजून पाहिलं. घरी आल्यापासून, सहा दहा ते साडेदहा, मी तेवीस वेळा उठले. छटाक तेवीस वेळा उठला. गाढ झोपेतून सुद्धा. मी न्हाणीघरात गेले की दाराखालच्या फटीत काळं ओलं नाक. भांडी घासताना माझ्या डाव्या पावलावर बसतो — शेजारी नाही, पावलावर. पाय बधिर होतो. काढून घेतला की उजव्यावर.

खरं सांगायचं तर याचा मला त्रास होत नाही. इथे लिहायला हरकत नाही.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

प्रयोगशाळेत दिवसभर एका औषध कंपनीचा काटा. आमचं काम हेच: लोक आपापले वजनकाटे पाठवतात, आम्ही आमच्या प्रमाण वजनांवर ते तपासतो, किती चुकतात ते लिहून देतो. हा काटा सारखा दोन मिलिग्रॅम जास्त दाखवत होता. नवीन मुलगी लगेच "काटा चूक" लिहायला निघाली. मोठ्या साहेबांनी तिच्या हातातला कागद हळूच काढून घेतला आणि सगळ्यांना शंभर वेळा सांगितलेलं एकशे एकाव्यांदा सांगितलं — दुसऱ्याच्या वस्तूवर ठपका ठेवण्याआधी आपलं वजन तपासा. तपासलं. आमच्याच वजनावर बोटाचा पुसट ठसा होता. पुसलं. काटा बरोबर.

छटाक याच इमारतीतला. चार वर्षांपूर्वी मालाच्या खोक्यात, भुशात सापडला. साहेबांनीच त्याला मोठ्या काट्यावर ठेवलं. आठशे बारा ग्रॅम. "छटाकभर आहे," ते म्हणाले. मी "छटाक नाही, बराच जास्त आहे" असं दुरुस्त केलं, तेव्हा सगळे का हसले ते मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. खोकं माझ्या मांडीवर होतं.

रविवार, ८ नोव्हेंबर

कुत्र्यांना शिकवणाऱ्या प्रशिक्षक बाई आल्या. पन्नाशीच्या, पुरुषी मनगटी घड्याळ, खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे. आल्या त्या थेट जमिनीवरच बसल्या. छटाकने त्यांना हुंगलं, खिसा हुंगला आणि पाठीवर पडून पोट दाखवलं. फितूर.

मग चष्मेवाल्याला बोलावून सोफ्यावर बसवलं, छटाकच्या पट्ट्याला घरातच दोरी लावली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. चष्मेवाला माझ्याकडे सरकला. ट्रक सुरू.

बाई म्हणाल्या, दोरी ढिली ठेव. मी म्हटलं ढिलीच आहे. त्या म्हणाल्या नाहीये.

"ढिली म्हणजे किती?" मी विचारलं. "आकडा सांगा."

त्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याने छताकडे पाहिलं.

"अगं, आकडा कसला? ढिली म्हणजे ढिली. कपडे वाळत घालतेस ना, तेव्हा मधे झोळ पडतो तशी."

कपड्यांच्या दोरीचा झोळ कपड्यांच्या वजनावर अवलंबून असतो.

जाताना जिन्यात म्हणाल्या, कुत्रा वाईट नाही, घाबरट आहे. त्याला कुणीतरी सांगतंय की इथे काहीतरी राखण्यासारखं आहे. कोण सांगतंय ते विचारलं. म्हणाल्या, तेच शोधायचं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

आईचा फोन. म्हणे, "कुत्रा ठरव नाहीतर नवरा ठरव, पण एकदाचं ठरव. लोकांना काय सांगू? जावई भाड्याने राहतोय?"

शनिवार, १४ नोव्हेंबर

सुट्टी असून साडेदहाला बोलावणं आलं. बेकरीच्या कारखान्यातला मोठा काटा बंद पडला. चष्मेवाला अकराला येणार होता, त्याला कळवायचं राहूनच गेलं. कारखान्यात फोन बाहेर जमा करावा लागतो. एकला हातात मिळाला तेव्हा त्याचा निरोप: "किल्ली शेजाऱ्यांकडून घेतली. आत आहे."

आत! एकटा. छटाकबरोबर.

जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले. दार उघडलं. चष्मेवाला सोफ्यावर आडवा, तोंड उघडं, चष्मा कपाळावर. छटाक त्याच्या पोटऱ्यांवर हनुवटी टेकून. दोघेही घोरत होते.

मला पाहताच छटाक उडी मारून उठला, आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि गुरगुरला. चष्मेवाल्यावर. ज्याच्या पायांवर अर्ध्या मिनिटापूर्वी झोपला होता त्याच्यावर!

चष्मेवाला म्हणतो, अडीच तास एकदाही नाही. दोघांनी मिळून टोस्ट खाल्ले. मी म्हटलं, तू झोपला होतास, तुला काय कळणार. तो म्हणाला, अडीच तास नव्हतो झोपलो.

माझा विश्वास बसला नाही. की बसवून घ्यायचा नव्हता?

रविवार, १५ नोव्हेंबर

दादा आला. छटाकला न्यायच्या आधी एकदा बघून जातो म्हणाला. दादाचा पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना आहे, मागे मोठं अंगण. त्याने मोबाइलमध्ये फोटो दाखवले — इथे छप्पर घालू, इथे पाण्याची टाकी, साखळी लांब ठेवू, दिवसा बांधलेला, रात्री मोकळा. सगळं नीट विचार करून. त्याने छटाकची उंचीसुद्धा टेपने मोजून घेतली. छटाकने टेप चाटली.

मग दादा माझ्याशेजारी बसला आणि छटाक त्याच्यावरही गुरगुरला.

दादा हसला. म्हणाला, "चिमे, हा तुझ्यावर गेलाय. कंपासपेटी आठवते?"

आठवते. मी सातवीत होते. पेटीच्या झाकणावर केस चिकटवून ठेवायचे, कुणी उघडली तर कळावं म्हणून. दादाने एकदा नुसती पट्टी घेतली. मी त्याच्याशी अकरा दिवस बोलले नाही. तो म्हणतो महिनाभर. अकराच.

रविवारी नाही, सोमवारी तीसलाच येतो म्हणाला. गाडी मोठी आणतो, म्हणजे त्याला मागे नीट उभं राहता येईल.

तो गेल्यावर भांडी घासली. दोन्ही पाय आळीपाळीने बधिर.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

आकडा कुणी सांगत नसेल तर आपणच काढावा. साहेबांना विचारून जुना छोटा लोड सेल घरी आणला — ताण मोजायचा पोलादी तुकडा, काडेपेटीएवढा. दोरी मधोमध कापून दोन्ही टोकं त्याला बांधली. कारण साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, निकाल मलाही दाखवा.

चष्मेवाला सातला आला. तीन वेळा माझ्याकडे सरकला. तिन्ही वेळा गुरगुर. तिन्ही वेळा गुरगुरण्याच्या आधी दोरीत ताण — नऊ, अकरा, आठ न्यूटन. म्हणजे साधारण किलोभर वजन लोंबकळावं तितका.

बाईंना फोन केला. सांगितलं, बघा, तो आधी ओढतो, मग गुरगुरतो. त्या म्हणाल्या, तो ओढतो?

बुधवार, १८ नोव्हेंबर

रात्रभर तो प्रश्न डोक्यात. सकाळी दात घासताना ट्यूब पेटली. दोरीतला ताण दोन्ही टोकांना सारखाच! कोण ओढतंय ते ताणावरून कळूच शकत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ही चूक करणार नाही. मी केली. "तो ओढतो" हे मी मोजलेलं नव्हतं, गृहीत धरलेलं होतं.

आता दोन सेन्सर आणलेत, हालचाल टिपणारे, नखाएवढे. एक छटाकच्या पट्ट्यावर, एक माझ्या मनगटावर. ज्याचा आधी हलेल त्याने ओढलं.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

माझा आधी हलला.

पाच वेळा पाहिलं. पाचही वेळा माझं मनगट आधी. सरासरी सहा दशांश सेकंद. मग पट्टा. मग गुरगुर.

दोन्ही सेन्सरांची घड्याळं जुळलेली नसतील. उद्या तपासते.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

घड्याळं जुळलेली आहेत. शंकेला जागा नको म्हणून प्रयोगशाळेत करतो तशी अदलाबदल केली — माझा सेन्सर त्याला, त्याचा मला. दोष उपकरणात असेल तर निकाल उलटतो. उलटला नाही. चष्मेवाला सरकतो. मी हात आवळते. छटाकला दोरीतून कळतं. तो आपलं काम करतो.

आणि दोरी नसते तेव्हा? तेव्हा माझा हात त्याच्या मानेवर असतो. कायम. हे मला मोजावं लागलं नाही.

वजनावर बोटाचा ठसा.

शनिवार, २१ नोव्हेंबर

चष्मेवाल्याला येऊ नको म्हटलं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं.

रविवार, २२ नोव्हेंबर

सांगितलं.

आलेख छापून ठेवला होता. तोंडाने सांगणं मला जमणार नव्हतं. तो आला, नेहमीच्या उजव्या टोकाला बसला. छटाक मध्ये. मी कागद छटाकच्या डोक्यावरून त्याच्याकडे दिला. लाल रेघ मी, निळी रेघ छटाक, काळी खूण गुरगुर.

त्याने चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला. तो लांबचं बघायला चष्मा घालतो, जवळचं बघायला काढतो. बराच वेळ बघत होता. मला वाटलं, समजलं नसेल, म्हणून समजवायला लागले. नमुने किती, त्रुटी किती. त्याने हात वर केला.

"म्हणजे हा नाही म्हणत नव्हता," तो म्हणाला. "तू म्हणत होतीस."

मी म्हटलं, हो.

मग जे इतके दिवस या वहीतही लिहिलं नव्हतं ते बोलले. की मला तो आवडतो, यात काही चूक नाही, हे मी नीट तपासलंय. पण सात वर्षं या घरात कप मी ठेवला तिथेच सापडतो. तो सोफ्यावर सरकला की वाटतं, आता काहीतरी हलणार. आणि हे मला त्याला सांगता येत नव्हतं. म्हणून कुत्र्याकडून वदवलं. आणि त्याबद्दल कुत्र्यालाच साखळीला बांधायला पाठवत होते.

तो उठून जाईल असं वाटलं होतं. माझ्या मते शक्यता निम्मी.

तो गेला नाही. त्याने चष्मा पुसला, घातला आणि दुकानातली गोष्ट सांगायला लागला. म्हणे, नवा नंबर लागला की पहिल्या आठवड्यात माणसाला जमीन तिरकी दिसते. पायऱ्या खोल वाटतात. चांगली शिकलेली माणसं दुकानात येऊन भांडतात — तुम्ही नंबर चुकवलात, पैसे परत द्या. नंबर बरोबर असतो. डोळ्यांना सवय नसते.

"मग तू काय सांगतोस?"

"आठ दिवस घालून बघा. काढ-घाल करू नका, तेवढंच. आठ दिवसांनीही जमीन तिरकीच दिसली तर या, मी बदलून देतो."

कॅलेंडर पाहिलं. आजपासून आठ दिवस म्हणजे तीस.

तो बॅग आणायला गेला. मी दादाला फोन केला. छपराचा पत्रा कापलास का विचारलं. म्हणाला कापला. म्हटलं, थांब जरा. त्याने कारण विचारलं नाही. फक्त म्हणाला, "कंपासपेटी?"

मंगळवार, २४ नोव्हेंबर

दोरी खुंटीवर. हात मांडीवर, तळवा वर — बाईंचा सल्ला. तळवा वर असला की मूठ वळवणं अवघड जातं. करून पाहिलं, खरं आहे.

चष्मेवाला सरकला. छटाकने माझ्याकडे पाहिलं. काही खबर आली नाही. पुन्हा पाहिलं. मग जांभई दिली.

गुरगुर: एक. तीही मी विसरून त्याच्या मानेवर हात ठेवला तेव्हा.

माझा कप त्याने दोनदा भलत्या फळीवर ठेवला. जमीन तिरकी.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

सकाळी साबण ओला होता. मी अंघोळ करण्याआधीच. मिनिटभर त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग वापरला.

न्हाणीघराच्या फटीत नाक नव्हतं! बाहेर येऊन शोधलं. स्वयंपाकघरात चष्मेवाला टोस्ट करत होता आणि छटाक त्याच्या डाव्या पावलावर बसला होता. चष्मेवाल्याने विचारलं, हा असाच बसतो का, पाय मेलाय माझा. मी म्हटलं, काढून घेतलास की उजव्यावर बसेल.

थोडं लागलं. किती ते मोजलं नाही.

शनिवार, २८ नोव्हेंबर

गुरगुर: शून्य. काल: शून्य.

प्रशिक्षक बाई येऊन बघून गेल्या. छटाक सोफ्याच्या एका टोकाला, मी मध्ये. मध्ये मी आजवर बसलेच नव्हते. तिथली गादी टोकांपेक्षा घट्ट आहे. बाईंनी लोड सेल हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत कुत्र्याची बाजू यंत्राने मांडलेली पहिल्यांदाच बघतेय." मग मला म्हणाल्या, आता कळलं का ढिली म्हणजे किती?

म्हटलं, दोन न्यूटनच्या खाली.

खूप हसल्या. पण आकडा बरोबर आहे: दोनच्या खाली आलेखात एकही गुरगुर नाही.

साहेबांनाही निकाल दाखवला. त्यांनी आलेख खाली ठेवला आणि विचारलं, प्रमाणपत्र कुणाच्या नावाने करू?

सोमवार, ३० नोव्हेंबर

चष्मेवाला दुपारीच खोलीची किल्ली द्यायला आणि शेवटची खोकी आणायला गेला. सव्वासातला जिन्यात पावलं. छटाकला ती दुसऱ्या मजल्यापासून ओळखू येतात. चार वर्षांत या दाराशी त्याच्याआधी कुणी पोचलेलं नाही. हात खोक्यांत अडकले असणार, त्याने कोपराने बेल दाबली. मी मागे वळून पाहिलं. छटाक सोफ्यावरच, एक कान वर करून माझ्याकडे बघत होता.

कडी माझ्या हातात होती. बेलच्या आधीपासून.